अडीच बोटांचं तोंड

मु. बोडीटोला
१२ जानेवारी, सोमवार

सन्माननीय श्रीहरी ईवाईबुवा यांस,

बोडीटोल्याहून सोमाजीचा दोन्ही हात जोडून रामराम. (हात जोडले की बेंबीजवळचा टाका अजून ओढतो, म्हणून सध्या मनातल्या मनात जोडले आहेत असं समजावं.) ईनबाईंना माझा आणि घरचीचा नमस्कार. त्यांचा गुडघा आता काय म्हणतो? थंडीत जास्त बोलत असेल. जावईबापू निकेशराव मजेत असतीलच. आमची आचल तुमच्या घरची होऊन तीन वर्षं झाली. तिच्या भाजीत तिखट जास्त पडत असेल तर ते तिच्या आईचं शिक्षण आहे, माझा त्यात काही हात नाही.

तुम्ही म्हणाल, मोबाइलच्या जमान्यात सोमाजी पत्र काऊन लिहितो? तर एक म्हणजे तुमच्या घरी फोन स्पीकरवर ठेवायची पद्धत आहे. मी इकडे खोकललो तर तिकडून तुमचे शेजारी विचारतात, ‘सर्दी झाली का जी?’ दुसरं म्हणजे आमच्या मच्छीमार संस्थेचा सचिव म्हणून मी अठरा वर्षं सभेचं इतिवृत्त लिहितो आहे. कागदावर उतरल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असं मला वाटतच नाही. आणि ही गोष्ट घडली आहे, याचा पुरावा माझ्या पोटावर चार ठिकाणी आहे.

बातमी अशी, की माझं ऑपरेशन झालं. घाबरू नका. वाईट झालं असतं तर हे पत्र घरचीने लिहिलं असतं, आणि तिने ते चार ओळीत संपवलं असतं.

दिवाळीनंतर एका साक्षगंधाला गेलो होतो. पंगतीत वडे चांगले होते, वाढणारा ओळखीचा होता, मग काय होणार! हात धुवायला उठलो आणि उजव्या बरगडीखाली कोणी गळ टाकून ओढते आहे असं झालं. (तीस वर्षं मी मासे गळाला लावले. त्यांना काय वाटत असेल याचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला, आणि दुखणं थांबल्यावर सोडून दिला.) ओवा झाला, सोडा झाला, पोटावर गरम वीट झाली. शेवटी चंद्रपूरला सोनोग्राफी केली. निघालं असं, की पित्ताच्या पिशवीत खडे. किती, म्हणून विचारलं तर त्या डॉक्टरांनी कागदावर ‘अनेक’ असं लिहून दिलं. आमच्या सभेत मी ‘अनेक सभासद हजर’ असं लिहिलं असतं तर अतुलने मला खुर्चीवरून उठवलं असतं. (अतुल म्हणजे आमच्या संस्थेचा तो सभासद, जो सभेची तारीख कळायच्या आधीच तिला विरोध करतो.)

ऑपरेशनचे डॉक्टर म्हणाले, पोट फाडायचं काम नाही, चार भोकं पाडून दुर्बिणीतून पिशवी काढू, फक्त आधी भूलवाल्या डॉक्टरांची तपासणी करून या. मला वाटलं, भूल म्हणजे इंजेक्शन आहे, त्यात तपासायचं काय? सुई माझी थोडीच आहे! म्हणून अगदी निवांत गेलो. आत आपल्या आचलच्या वयाची एक पोरगी बसली होती. मी तिला म्हटलं, डॉक्टर यायचे आहेत काय? ती म्हणाली, आल्या आहेत, बसा. त्याच डॉ. चंचल.

त्यांनी प्रश्न सुरू केले. याआधी कधी ऑपरेशन? नाही. दमा, बीपी, साखर? नाही. दोन जिने चढल्यावर दम लागतो का? आता काय सांगावं! मी म्हटलं, मॅडम, आमच्या गावात जिना फक्त पाण्याच्या टाकीला आहे, त्याच्यावर कोणी चढला तर सारा गाव त्याला समजवायला जमते. दात हलतो का? नाही. कवळी? नाही. काही व्यसन?

इथे मी छाती पुढे काढून म्हटलं, ‘नाई.’

खोटं नव्हतं हो ते. दारूला मी शिवत नाही हे तुम्हाला माहीत आहे. बिडी वडिलांनीच फेकायला लावली. आणि सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा, त्याला आपल्या भागात व्यसन कोण म्हणते? तो तर नमस्कारासारखा आहे. दोन माणसं भेटली की निघालाच. पण माझी घरची शेजारच्या स्टुलावर बसली होती.

‘खोटं काऊन बोलता जी?’ गोकुळा म्हणाली. ‘पंचवीस वर्षांपासून खर्रा खाऊन राह्यले. झोपेत बी गाल फुगलेला रायते.’

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘काका, तोंड उघडा.’ मी उघडलं. ‘आणखी उघडा.’ मी म्हटलं, उघडलंच आहे. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाल्या, आता स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून दातांच्या मधे घाला. ईवाईबुवा, मी सांगतो, एक बोट गेलं. दुसरं अर्धं गेलं. तिसरं बाहेरच राहिलं, बंद दारासमोर पाहुणा उभा राहावा तसं. मी जोर केला, डोळ्यात पाणी आलं, पण तोंड काही ऐकेना. गोकुळाने आपली तीन बोटं घालून दाखवली, अगदी सहज. तिचं तोंड किती उघडते हे मला पंचवीस वर्षांपासून माहीत होतं, पण डॉक्टरसमोर ते सिद्ध करायची काही गरज नव्हती.

मग त्यांनी नीट समजावलं. पूर्ण भूल दिली की माणूस स्वतः श्वास घेत नाही. मग घशातून श्वासनळीत एक नळी सरकवतात आणि मशीन श्वास देते. ती नळी जाते तोंडातून. तोंडच उघडलं नाही तर नळी जायची कुठून? खर्ऱ्याने गालाच्या आतली कातडी दोरीसारखी आवळून गेली आहे, म्हणून हे झालं. दुसरा एक रस्ता असतो, नाकातून, माणूस जागा ठेवून, पण त्यासाठी नागपूर गाठावं लागेल. ‘तुमचे खडे थोडे थांबू शकतात,’ त्या म्हणाल्या, ‘सहा आठवडे घ्या. खर्रा आजपासून बंद. तोंड उघडायचा व्यायाम करा. आणि आत्ता, आजच, दातांच्या डॉक्टरला दाखवा. आतमध्ये एक पांढरा चट्टा आहे, तो मला आवडला नाही.’

दातांच्या डॉक्टरालाही तो आवडला नाही. त्याने चट्ट्याचा एक तांदळाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठ दिवसांनी या म्हणाला. कशासाठी ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, आणि गोकुळाने परतीच्या बसमध्ये खिडकी बंद केली तरी तिला वारा लागतच होता, सारखे डोळे पुसत होती. मी मात्र शांत होतो.

व्यायाम म्हणजे आईसक्रीमच्या काड्या. दहा काड्यांची चळत करून ती वरच्या-खालच्या दातांत धरायची, पाच मिनिटं, दिवसातून पाच वेळा, आणि जमेल तशी मधे एकेक काडी सरकवत जायची. काड्या आणायला दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, शाळेचं प्रोजेक्ट आहे काय? मी हो म्हटलं. घर बनवायचं असेल तर दोन बंडल लागतील, म्हणाला. मी म्हटलं, घराचं फक्त दार उघडायचं आहे, एकच दे.

आता सांगतो, ईवाईबुवा, तोंडात लाकडाची चळत घेऊन बसलेल्या माणसाला गावात काय काय भोगावं लागते. मी अंगणात बसायचो. पहिल्या दिवशी लोकांनी विचारलं, काय झालं? मला बोलता येईना. दुसऱ्या दिवशी गावभर झालं, की सोमाजीने मौन धरलं. तिसऱ्या दिवशी गिरजाबाई येऊन माझ्यासमोर नारळ ठेवून गेली. मी हातवारे करून नाही नाही म्हणत होतो, तिला वाटलं मी आशीर्वाद देतो आहे. मग एकेक जण येऊन बसायला लागला. मी बोलत नाही म्हटल्यावर लोक आपलं सांगायला लागले. कोणाच्या सुनेचं, कोणाच्या बांधाचं. पाच मिनिटं गुमान ऐकून घेणारा माणूस गावाला बहुतेक कधी भेटलाच नव्हता. जाताना म्हणायचे, लय बरं वाटलं जी. मी काड्या काढून गाल चोळत बसायचो.

त्यातच संस्थेची आमसभा आली. विषय तलावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी मासोळी, कधी सोडायची, हा. दरवर्षी तीन तास भांडण ठरलेलं. सभेची वेळ आणि माझ्या व्यायामाची वेळ एकच निघाली. मी म्हटलं, आधी तोंड. बाराच्या बारा काड्या लावून अध्यक्षांच्या बाजूला बसलो. अतुल उठला, सचिवाने मनमानी केली म्हणाला. मी काही बोललो नाही. आणखी जोरात म्हणाला. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. त्याने मागच्या वर्षीचं काढलं, त्याच्या मागच्या वर्षीचं काढलं, मग पाणी प्यायला, मग म्हणाला, ‘म्हणजे माझा विरोध असा नाई, पण...’ आणि खाली बसला. ठराव एकमताने मंजूर. इतिवृत्त अर्ध्या पानात. अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, या काड्या पुढच्या सभेलाही आणशील काय?

हे झालं हसण्यासारखं. खर्रा सोडणं मात्र हसण्यासारखं नव्हतं. आमच्या चौकातला पानठेलेवाला रोशन मला दुरून पाहिलं की घोटायला सुरुवात करतो. मी पोचेपर्यंत पुडी तयार. पहिले चार दिवस मी चौक टाळून तलावाच्या पाळीवरून फिरून जायचो, दोन वेळा चिखलात बसलो. हाताला काम नाही, तोंडाला काम नाही, डोकं दुखते, कोणी ‘जेवले का?’ विचारलं तरी राग येते. गोकुळाने भाजलेला जवस आणि बडीशेप डबीत भरून दिली. एक दिवस मी ती डबी पण रागात फेकली, आणि मग अर्धा घंटा गवतातून जवस वेचत बसलो.

सातव्या दिवशी मी हरलो. रोशनकडून पुडी घेतली, खिशात टाकली आणि डोंगा घेऊन एकटाच तलावाच्या मधोमध गेलो. तिथे ना गोकुळा, ना डॉक्टर. पन्नी सोडली. तो वास आला, ईवाईबुवा, तुम्हाला काय सांगायचा! तोंडाला पाणी सुटलं. चिमूट उचलली, तोंडाजवळ नेली. आणि माझ्या लक्षात आलं, की त्या तुकड्याचा रिपोर्ट उद्या आहे. चिमूट तशीच धरून बसलो. डोंगा आपोआप फिरत होता. मग मी पुडी पाण्यात उलटी केली. मासे वर आले, वास घेतला आणि परत गेले. एकाने तोंड लावलं नाही. पंचवीस वर्षं मी जे खाल्लं, ते बोटभर मासोळीने नापास केलं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. डॉक्टर म्हणाला, कॅन्सर नाही. ‘अजून’ नाही. हा ‘अजून’ त्याने फार हळू म्हटला, पण मला तोच ऐकू आला. त्यानंतर गालात इंजेक्शनं झाली, काड्या बारावरून तेरा, चौदा, सोळा झाल्या. चौकातून मी आता सरळ जातो. रोशन घोटत नाही, नुसता रामराम करतो.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून उपाशी. पाणीसुद्धा नाही. आणि दर अर्ध्या तासाने एक नवीन सिस्टर येऊन विचारायची, काही खाल्लं का? पाच जणींनी विचारल्यावर मलाच शंका यायला लागली, की मी काही खाल्लं तर नाही? मग करदोडा काढायला लावला. मग एक हिरवा झगा दिला, त्याच्या नाड्या सगळ्या मागे. समोरून अगदी सभ्य आणि मागून पूर्ण मोकळा. मी वॉर्डभर भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखा फिरत होतो.

आणि संमतीचा कागद. तो घरच्या माणसाने वाचून सही करायचा असतो. सगळे नुसती सही करतात. पण गोकुळा बचतगटात वाचायला शिकली, तेव्हापासून ती न वाचता कुठेच सही करत नाही. ती एकेक अक्षर जोडून मोठ्यानं वाचायला लागली. ‘र-क्त-स्रा-व हो-ऊ श-क-तो.’ ‘भु-ले-मु-ळे क्व-चि-त...’ इथे ती थांबली. पुढचं अक्षर तिने तोंडात धरून ठेवलं. शेजारच्या खाटेवर वरोऱ्याचा एक माणूस हर्नियासाठी आला होता. तो उठला आणि चपला घालत म्हणाला, ‘मी जरा घरी विचारून येतो.’ गोकुळाने पुढचा शब्द वाचलाच नाही. मला म्हणाली, ‘सही करू का जी?’ आजवर हिच्या प्रत्येक कागदावर मी सही केली, रेशनच्या, बँकेच्या. माझ्यासाठी ही पहिल्यांदाच करत होती. मी म्हटलं, कर. तिने इतकं दाबून नाव लिहिलं, की ते खालच्या दोन कागदांवर उमटलं.

आत इतकी थंडी, की रोहू दोन दिवस टिकला असता. डॉ. चंचल आल्या. म्हणाल्या, ‘उघडा.’ मी सहा आठवड्यांची सगळी कमाई लावून उघडलं. एक बोट गेलं, दुसरं गेलं, तिसरं अर्धं गेलं. ‘अडीच,’ त्या म्हणाल्या, ‘चालेल, काका. शाबास.’ मॅट्रिकला दोनदा बसूनही मला हे कोणी म्हटलं नव्हतं. नाकातोंडावर मास्क ठेवला आणि म्हणाल्या, तुमच्या तलावात कोणकोणते मासे मिळतात, सांगा पाहू. मी सुरू केलं, रोहू, कतला, मृगळ, मरळ...

‘...वाम, झिंगे,’ मी म्हटलं, आणि पाहतो तर जागा दुसरी, छत दुसरं, गोकुळा माझ्या डोक्यावरून हात फिरवते आहे. मी म्हटलं, मॅडम, यादी झाली, आता सुरू करा. सगळे हसायला लागले. ‘झालं, काका,’ डॉ. चंचल म्हणाल्या, ‘दीड तास झाला.’ मरळ आणि वाम यांच्या मधला दीड तास माझ्या आयुष्यातून कुठे गेला, त्याचं इतिवृत्त कोणाकडेच नाही.

खडे तेरा निघाले. (अनेक नाही. तेरा. मी स्वतः मोजले.) बाटलीत आहेत. गावातले लोक येऊन पाहून जातात, आणि अतुल म्हणतो बारा आहेत.

आता तब्येत उत्तम. मऊ भात, वरण, सकाळी तलावाच्या पाळीपर्यंत चालणं. तुम्ही मुद्दाम भेटायला यायची तसदी घेऊ नका. धानाची कामं असतील, रस्ता लांबचा, थंडीही आहे. आपण पत्राने विचारपूस केली तरी पोचली. ईनबाईंना पुन्हा नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद, आचलला सांगा की बाप आता पूर्वीपेक्षा जास्त बोलतो.

तुमचा
सोमाजी

ता. क. – वरचं ‘येऊ नका’ खोडायचं राहिलं. या. ईवाईबुवा, आता हे एकटे असाल तेव्हा वाचा. पोळ्याला मी तुमच्याकडे आलो होतो. जेवणानंतर ईनबाईंनी केळी ठेवली. तुम्ही केळं बोटांनी मोडून चकत्या करून खाल्लं. मीही तसंच खाल्लं. ईनबाई हसून म्हणाल्या, दोघे ईवाई अगदी सारखे. मला तेव्हा काही वाटलं नाही, कारण मला वाटायचं केळं असंच खातात. आता कळते. आचल सांगत होती, तुम्ही भाकर सोडली, भातही कुस्करून खाता, तिखट लागलं की ताट सारता, आणि दाढ दुखते म्हणून सांगता. रागावू नका. दाढ नाही ती. खोलीचं दार लावा आणि तीन बोटं घालून पाहा. लग्नाची बोलणी झाली तेव्हा तुमच्याच पुडीतला खर्रा खाऊन आपण सोयरीक पक्की केली, म्हणून हे सांगायचा हक्क माझाच आहे. पुढच्या गुरुवारी, २२ तारखेला, चंद्रपूरला दातांच्या डॉक्टरकडे तुमच्या नावाने नंबर लावला आहे. घरी सांगायचं, ईवाईचं ऑपरेशन झालं, पाहायला जातो. कोणी काही विचारणार नाही. मी स्टँडवर उभा राहतो.

ता. क. दुसरं – ईवाईबुवा, मी गोकुळा लिहून राह्यली. यांनी पत्र टाकायले देलं, मी वाचल्याबिगर टाकत नाई. हे लिहिते का मी शांत होतो. बिलकुल नाई. रिपोर्ट भेटला त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून लहान लेकरासारखे रडले. मी म्हटलं, अवो, चांगला रिपोर्ट आहे, काऊन रडता? तं म्हणाले, ‘मले तं भुलीच्या बाईनं पकडलं. श्रीहरीभाऊच्या पोटात खडे नाईत, त्याले कोण पकडन?’ तवापासून हे पत्र लिहून राह्यले, चार बार फाडलं. तुमी या जी. गुरुवारी सकाळच्या गाडीनं या, आचलले संगं आणा. अन घरून जेवून निघा, उपाशी नका येऊ, तपासाले उपाशी लागत नाई, मी विचारून ठेवलं.